‘तुम्ही मराठी किती छान बोलता!’

हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले आहे. बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असते. म्हणूनच उत्तर सुचत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १७ व्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. तरीही आपले मराठी नवलाचेच ठरते.

आपल्या कथा-कवितांत हा प्रसंग येतो तो बहुधा तक्रार म्हणून. असे बोलणारा तिथे दुष्ट असतो. प्रत्यक्षात तो आपुलकीने चहा पुढे करणारा शेजारी असतो आणि आपण ओशाळून नुसते हसतो. ते ओशाळे हसू आपल्या लेखनात फारसे उमटलेले नाही.

दुसरी बाजूही सुटते. ‘उर्दू येत नाही? मग कसले मुसलमान?’ असे कोकणातून आलेल्या नव्या सुनेला भर दावतीत विचारणारी माणसे आपलीच असतात. त्यांचाही हेतू वाईट नसतो; तिचा घास मात्र घशात अडकतो.

शेजाऱ्याच्या अजाणतेपणावर लिहिताना आपल्या दस्तरखानावरचा हा प्रसंगही लिहायला हवा. त्याशिवाय आपली तक्रार खरी असूनही अर्धीच राहील.