सवाब आणि पुण्याई : एका मराठी पर्यायाची चिकित्सा

इस्लाममधील परलोकविचाराचे विवेचन मराठीत करताना ‘सवाब’ या संज्ञेसाठी ‘पुण्य’ आणि ‘ईसाले सवाब’ या आचारासाठी ‘श्राद्ध’ हे प्रतिशब्द पुष्कळदा योजले जातात. वाचकास ते चटकन उमगतात, हा त्यांचा गुण होय. आणि दोषही त्यातच आहे. एका माणसाचे सत्कर्म त्याच्या मृत आप्तास परलोकी कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न इस्लाममध्ये शतकानुशतके वादाचा राहिला आहे. ‘पुण्य’ आणि ‘श्राद्ध’ हे शब्द वापरताच त्या वादाचा निर्णय चर्चेपूर्वीच लागून जातो.

हे पर्याय रूढ का झाले, याचे उत्तर वाशीमच्या भूमीतच सापडते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले, आणि ते आपल्या मातापित्यांसाठी करविल्याचे तेथील शिलालेखात नोंदविले. पुत्राच्या दानाचे फळ आईबापांस पोहोचते, ही श्रद्धा या प्रदेशात दीड सहस्र वर्षांची जुनी आहे. ‘वाडवडिलांची पुण्याई’ हा नित्याचा वाक्प्रचार तिचेच उलटे रूप होय. येथे पूर्वजांचे संचित वंशजांस लाभते. त्याच जिल्ह्यात मंगरूळपीर येथे दादा हयात कलंदर यांचा दर्गा आहे. मुसलमान घरांत मृताच्या नावे फातेहा पढला जातो, शबे बरातीस कबरीवर दुआ मागितली जाते. शेजारच्या घरातील हा आचार पाहणाऱ्या मराठी माणसाने त्यास आपल्या परिचयाचे नाव दिले, यात नवल नाही.

तथापि शब्दांची मूळ प्रकृती भिन्न आहे. पुण्य साठते, क्षीण होते. त्याची कल्पना संचिताची आहे. ‘सवाब’ हा शब्द ‘परत येणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून झाला आहे. कर्त्याकडे परत येणारे, ईश्वराने दिलेले प्रतिफल, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून त्यात देणाऱ्याची इच्छा आणि स्वीकृती गृहीत आहे. त्याची शिल्लक माणसाच्या स्वाधीन नसते.

कुराणातील या विषयाची वचने दोन गटांत पडतात. पहिल्या गटात नात्याचा आधार स्पष्टपणे नाकारलेला आहे. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही आणि माणसास त्याच्या प्रयत्नाचेच फळ मिळेल, हा ‘नजम’ सूरेतील (53) विचार. त्या दिवशी माणूस भाऊ, आईबाप, पत्नी व मुले यांच्यापासून पळ काढील, हे ‘अबस’ सूरेतील (80) चित्र. नूह पैगंबराचा पुत्र पित्याच्या विनवणीनंतरही बुडतो. नूह व लूत यांच्या पत्नींना पतीचे पैगंबरपद तारीत नाही, आणि फेरोची पत्नी मात्र पतीच्या दुराचाराने बाधित होत नाही. दुसरा गट याच्या उलट दिसतो. ‘तूर’ सूरेत (52) श्रद्धावंतांची श्रद्धावान संतती त्यांस येऊन मिळेल व त्यामुळे कोणाचे कर्मफळ घटणार नाही, असे आश्वासन आहे. ‘राद’ सूरेत (13) सदाचारी मातापिते, जोडीदार व संतती यांच्यासह स्वर्गप्रवेश वर्णिला आहे. एकाच गटातील वचने वेचणाऱ्या अभ्यासकास इस्लाम एकतर निष्ठुर व्यक्तिवादी वाटेल, नाहीतर कुलधर्मासारखा. दोन्ही गट एकत्र वाचले असता दिसते की पुनर्मीलनाची अट रक्तसंबंध ही नसून श्रद्धा व सदाचार ही आहे. नाते त्या अटीची जागा घेत नाही. ती पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या कृपेचे ते निमित्त होते.

हदीसवाङ्मयात या विचारास आणखी एक जोड मिळते. मृत्यूनंतर मनुष्याचे कर्म थांबते; अपवाद तीन – प्रवाही दान, उपयुक्त ज्ञान आणि त्याच्यासाठी प्रार्थना करणारे सदाचारी अपत्य. येथील ‘वलद’ या शब्दाचा अनुवाद ‘सुपुत्र’ असा केल्यास मोठा अनर्थ होतो. ‘वलद’ म्हणजे अपत्य. त्यात कन्याही येते. शिवाय येथे पुत्रावाचून गती नाही असे काही सुचविलेले नाही. निपुत्रिक मुसलमानाची परलोकगती कोणत्याही विधीअभावी अडून राहत नाही. श्राद्धकल्पनेशी असलेला हा भेद निर्णायक आहे.

याउलट, ईसाले सवाब हा केवळ हिंदू सहवासाचा परिणाम होय, हे मतही टिकणारे नाही. सअद बिन उबादा यांनी दिवंगत आईच्या नावे बाग दान केल्याची कथा प्रमाण हदीससंग्रहांत आहे. दुआ आणि दान मृतास पोहोचते, याविषयी सुन्नी धर्मशास्त्रज्ञांत व्यापक एकमत आहे. वाद कुराणपठणासारख्या कर्मांचा आहे. वऱ्हाडातील बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी पंथाचे आहेत, त्याचा ‘हिदाया’ हा ग्रंथ आपल्या कर्माचा सवाब दुसऱ्यास अर्पण करण्यास मान्यता देतो. कोकणी मुसलमानांच्या शाफई पंथातील प्रसिद्ध मत पठणाचा सवाब पोहोचत नाही असे आहे. चाळिसाव्याच्या मेजवानीसारख्या रूढींवर स्थानिक छाप असू शकेल. मूळ तत्त्व मात्र उसने नव्हे.

नात्याचे खरे महत्त्व मृत्यूपूर्वीच्या आचरणात आहे, आणि ‘पुण्य’ या पर्यायाने तेच झाकले जाते. ‘सिलह रहमी’ म्हणजे गर्भाशयाचे नाते जोडणे. ‘रहम’ (गर्भाशय), ‘रहमान’ व ‘रहीम’ एकाच धातूचे शब्द आहेत. नाते तोडणारा स्वर्गात जाणार नाही, असा इशारा हदीसमध्ये आहे. आणि परतफेड करणारा नव्हे, तर तुटलेले नाते पुन्हा जोडणारा तोच खरा नाते पाळणारा, असेही सांगितले आहे. अनेकेश्वरवादाकडे ओढणाऱ्या आईबापांची ती आज्ञा मोडावी, परंतु त्यांच्याशी चांगले वागावे, हा ‘लुकमान’ सूरेतील (31) आदेश याच धोरणाचा. ज्या पैगंबराने स्वतःच्या कन्येस, ईश्वरापुढे मी तुझ्या काही उपयोगी पडणार नाही असे बजावले, त्यानेच नातेसंबंधास एवढे मोल दिले, यात विसंगती नाही. नाते हे परलोकात वटविण्याचे धन नसून इहलोकातील कसोटी आहे.

सारांश, ‘सवाब’ हा शब्द मराठीत तसाच ठेवणे, किंवा फार तर ‘प्रतिफल’ म्हणणे उचित ठरेल. कबरीपाशी उभ्या असलेल्या मुलीचा हात काही पोहोचते करीत नसतो. तो मागत असतो. अनुवादकाने एवढा भेद राखला, तर शेजाऱ्याचा धर्म समजून घेण्याच्या मार्गातील एक मोठी अडचण दूर होईल.