सांत्वनाची ओवी

प्रत्येक माळकऱ्याची एक आपली ओवी असते. ग्रंथ सगळाच पूज्य. तरी त्यातली एखादी ओवी, एखादा अभंग माणूस आपल्या नावावर करून घेतो. पारायणात ती जागा आली की त्याचा आवाज हलतो. पोथीच्या त्या पानात तुळशीचे वाळलेले पान सापडते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांवर. सप्ताहात पारायण करायचे म्हणजे दिवसाला सुमारे 1,300 ओव्या झाल्या. एवढ्या चालीत मन प्रत्येक ओवीवर कसे थांबेल? ते आपल्या दुःखाजवळ थांबते. काही जाणते म्हणतात, आवडीचे तेवढे उचलणे हा ग्रंथाचा अनादर आहे. मला ते पटत नाही. नदीवर आलेला तहानेला ओंजळभरच पाणी पितो, त्याने नदीचा अपमान होत नाही.

पण सद्भक्तहो, स्वतःसाठी ओवी धरणे वेगळे आणि दुसऱ्याच्या दुःखावर ओवी ठेवणे वेगळे. आज जे लिहितो आहे ते या दुसऱ्या गोष्टीविषयी.

आमचे किन्हीराजा वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात. सोयाबीन-तुरीचा मुलूख, पाऊस देईल तेवढे पिकते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे 2006 साली केंद्र सरकारने पश्चिम विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले, त्यात आमचा वाशीम होता. पॅकेज आले नि गेले. घरातल्या भिंतीवर हार घातलेला फोटो राहिला. अशा घरच्या तेरवीला कीर्तन ठेवतात. पंचवीस-तीस वर्षांची बाई ओसरीच्या कोपऱ्यात, मांडीवर लेकरू. आणि कीर्तनकार गीतेचा दुसरा अध्याय काढतो. आत्मा मरत नाही, शस्त्राने तुटत नाही, देह म्हणजे जुने वस्त्र, शहाणा माणूस शोक करत नाही. टाळकरी ठेका धरतात. त्या बाईला मात्र एवढेच ऐकू येते की, तू रडतेस म्हणजे तू अज्ञानी आहेस.

वचन खरे आहे. भगवंताच्या मुखातले आहे, त्याबद्दल वाद नाही. पण वचनाचा अर्थ लावताना आपल्या परंपरेने एक शिस्त घालून दिली आहे. उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती या सहा खुणांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवायचे. म्हणजे सुरुवात कोठून झाली, शेवट कोठे झाला, मध्ये कशावर पुन्हा पुन्हा भर आला, हे पाहायचे. साध्या माणसाने एवढे जरी विचारले तरी पुरे : हे कोणी, कोणाला, कोणत्या वेळी सांगितले?

दुसऱ्या अध्यायाला हे विचारून पाहू. सांगणारे श्रीकृष्ण. ऐकणारा अर्जुन. वेळ युद्धाच्या पहिल्या दिवसाची. अजून कोणी मेलेले नाही. भीष्म उभे आहेत, द्रोण उभे आहेत. अर्जुनाचा शोक जिवंत माणसांसाठी आहे, आणि त्या शोकाच्या मागे कर्तव्य टाकून जाण्याचा विचार आहे. तो शोक मोडायचा होता. ज्याचे माणूस गेले, त्याचा शोक हा नव्हे. दुसरी गोष्ट, भगवंताने लगेच तत्त्वज्ञान सुरू केले नाही. आधी अर्जुन म्हणाला, मी तुझा शिष्य, तुला शरण आलो, मला शिकव. मागणे झाले, मग उपदेश झाला. तेरवीला बसलेल्या त्या लेकीने आपल्याला काय मागितले? काहीच नाही. तिला कोणी विचारलेही नाही.

आणि माउलींनी ही जागा कशी उलगडली आहे ते पाहावे. अर्जुनाचे मन पाण्यात मीठ पाझरावे तसे पाझरले, असे ते सांगतात. त्या पाझरण्याची त्यांनी थट्टा केली नाही. भगवंताचे बोल वरून कठोर वाटतात तेथे माउली आईच्या रागाचा दृष्टांत देतात : राग वर दिसतो, माया आत असते, औषध कडू, पण पोटात अमृत. आता सांगा, ज्याच्यापाशी आईची माया नाही त्याने आईचा राग उसना घ्यावा का? श्रीकृष्ण अर्जुनाच्याच रथावर बसले होते, त्याच्या घोड्यांचे लगाम हातात धरून. बाण आला असता तर दोघांनाही लागला असता. आपण मात्र काल्याचा प्रसाद घेऊन सांजच्या एसटीने घरी जातो.

दुसरे उदाहरण तुकोबारायांचे. शके 1552च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ. महाराजांचे धन गेले, दुकान बुडाले, बायको अन्न अन्न करीत गेली, लेकरू गेले. पुढे त्यांनी देवाला सांगितले की हे सारे बरेच झाले, दिवाळे निघाले ते बरे, दुष्काळाने पिडले ते बरे, त्यामुळे तुझे चिंतन तरी घडले. हा अभंग हजारोंनी आपला केला आहे, आणि ज्याने स्वतः सोसून तो आपला केला त्याला माझा नमस्कार. पण अभंगातले बोलणे कोणाचे आहे ते पाहा. ज्याचे गेले, तोच बोलतो आहे. आणि तोही शेजाऱ्याशी बोलत नाही, देवाशी बोलतो आहे. हे वाक्य माणसाला स्वतःविषयी म्हणता येते. दुसऱ्याच्या घरात शिरून ‘तुझे गेले ते बरेच झाले’ असे म्हणता येत नाही. अक्षर तेच राहते, बोलणारा बदलला की अभंगाचे निष्ठुर बोल होतात. हल्ली रोज सकाळी मोबाईलवर फुलाच्या चित्राखाली एकेक चरण येतो. पाठवणाऱ्याचा भाव चांगला असतो. पण चरणाबरोबर तुकोबांचे घर येत नाही, दुष्काळ येत नाही.

कोणी म्हणेल, मग ज्ञान सांगूच नये का? ज्याने सगळी गीता ऐकली त्याचे पुढे काय झाले ते महाभारतातच आहे. युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. संध्याकाळी अर्जुन छावणीत आला आणि मुलासाठी धाय मोकलून रडला. अठरा अध्यायांचा श्रोता रडला! भगवंताने त्याला धीर दिला : शूरांची वाट अशीच असते, आणि तुला असे पाहून तुझे भाऊ खचले आहेत, त्यांना धीर दे. मग ते स्वतः सुभद्रेकडे गेले. ती त्यांची बहीण होती. तिच्याजवळ त्यांनी अध्याय उघडला नाही, तिच्या लेकाचा पराक्रम सांगितला. ज्ञान झाले म्हणून डोळ्यांतले पाणी आटते, असे व्यासांनी कोठे लिहिलेले नाही.

आपल्या संतांनीही तसे लिहिलेले नाही. नामदेवरायांचे समाधीचे अभंग घ्या. शके 1218, कार्तिक वद्य त्रयोदशी, आळंदी. माउली समाधीला बसणार. हे मरण नव्हे, संजीवन समाधी आहे, हे तेथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरी नामदेवराय रडतात, सोपान-मुक्ताई रडतात. आणि निवृत्तिनाथ? ते माउलींचे गुरू. आत्मा अमर आहे हे ज्यांनी शिकवले, तेच ते. त्यांचाही धीर तळ्याचा बांध फुटावा तसा फुटला, असे नामदेवराय सांगतात. त्या अभंगांत कोणीही पुढे होऊन ‘रडू नका’ असा पाठ दिलेला नाही. सगळे संत एकत्र रडले, हेच तेथले सांत्वन. तेरवीच्या कीर्तनाला माझ्या मते याहून योग्य प्रकरण नाही. गुरूच रडले म्हटल्यावर त्या कोपऱ्यातल्या लेकीला रडण्याची मोकळीक मिळते, आणि मोकळे रडू आले की मन जरा हलके होते.

मग ज्ञानेश्वरीत दुःखी माणसासाठी जागा कोणती? बारावा अध्याय उघडावा. अवघ्या 247 ओव्यांचा लहानसा अध्याय. त्यात निर्गुणाच्या वाटेचे कष्ट सांगून झाल्यावर माउली भगवंताच्या तोंडून भवसागराचे बोलतात. जन्ममरणाच्या लाटांनी लोक झोडपले जात आहेत, ते पाहून देवाच्या पोटात कालवते. देव म्हणतो, या समुद्राला कोण भिणार नाही? ‘भिऊ नका’ याच्या आधी भीती खरी आहे हे देवाने मान्य केले, हे ध्यानात घ्या. मग तो भक्तांच्या गावी धावत येतो. नामांच्या हजारो नावा सजवून स्वतःच तारू होतो. एकटे दिसले त्यांना ध्यानाच्या कासेला लावतो. बायकापोरांचे लटांबर असलेल्यांना तराफ्यावर बसवतो. आणि कोणाच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधून त्याला काठाला आणतो. जसा माणूस तसे साधन. तराफ्यावर बसायच्याला पोहायला सांगितले नाही, एवढी काळजी त्या चार-पाच ओव्यांत आहे.

आमच्याकडच्या एका सप्ताहात एक म्हातारी यायची. अक्षरओळख नव्हती. तिचा कर्ता मुलगा गेला होता. बाराव्या अध्यायाच्या दिवशी ती पुढे सरकून म्हणायची, “महाराज, थे पोटाले पेटी बांधाची ओवी सांगा न.” एकदा मी विचारले, तीच का? ती म्हणाली, “मले सारा ग्रंथ नाई समजत. पन देव गावात धावत आला, थे समजलं.” सहा खुणा तिला माहीत नव्हत्या, पण तिने जागा अचूक निवडली होती. ज्याला जे घडले त्याला तीच ओवी भेटते. ती कोणी हातात कोंबावी लागत नाही.

आपल्याच वऱ्हाडात प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज झाले, 1881 ते 1915. तान्हेपणीच दृष्टी गेली. पोथीतले अक्षर त्यांना कधी दिसले नाही. दुसऱ्याने वाचावे आणि त्यांनी ऐकावे. त्यांनी माउलींना बाप मानले आणि स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवले. ग्रंथाशी नाते जडले की वचन कसे आपले होते, याचे याहून मोठे उदाहरण कोणते? ते नाते त्यांनी स्वतः जोडले, आणि म्हणून ते टिकले.

तेव्हा कीर्तनकार बंधूंना एक विनंती. तेरवीच्या घरी विणा उभा करण्याआधी ओसरीवर थोडे बसा. गेलेल्या माणसाचे नाव विचारा, लेकराचे नाव विचारा. मग अभंग ठरवा. दुसरा अध्याय कोठे पळून जात नाही. वर्षश्राद्धाला कोणी विचारले तर अवश्य सांगा. आणि घरोघरच्या माळकऱ्यांना एवढेच : आपली ओवी आपल्यापाशी जपा, तिच्या आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा ओव्याही वाचत जा. दुःखाच्या घरी गेलात आणि काही सुचले नाही तर गप्प बसा, जमले तर पुढच्या पेरणीला एक दिवस औत घेऊन जा. तो तराफा समजा. माउली त्यावर आपोआप बसतील.

रामकृष्ण हरी.