लिटमस न दिसणाऱ्यांसाठी

'निष्ठा' हा शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. उद्दिष्ट होते सुमारे ४२ लाख शिक्षकांचे. त्यात समावेशक शिक्षणाला जागा मिळाली, ही चांगली गोष्ट. पण विज्ञान-अध्यापनाचा घटक वेगळा आणि समावेशनाचा वेगळा, ही मांडणी आम्हांला पटत नाही. २०१६ च्या कायद्यातील अपंगत्वाचे २१ प्रकार शिक्षकाला माहीत होतात. मात्र लिटमसचा रंग न दिसणाऱ्या मुलीला आम्ल आणि आम्लारी कशी ओळखू द्यायची, हा त्याचा खरा प्रश्न तसाच राहतो.

गंमत अशी, की उत्तर पाठ्यपुस्तकातच आहे. एनसीईआरटीच्या २००६ च्या दहावीच्या पुस्तकात कांदा व व्हॅनिला हे गंधदर्शक दिले आहेत. व्हॅनिलाचा वास विरल आम्लात टिकतो, सोडियम हायड्रॉक्साइडच्या विरल द्रावणात जातो. व्हॅनिलिन हे फिनॉल. आम्लारीत त्याचा आयन बनतो, आणि आयन बाष्प होऊन नाकापर्यंत पोचत नाही. डोळस मुलांनाही यात रसायनशास्त्र लिटमसपेक्षा अधिक मिळते! (द्रावण थेट हुंगायचे नाही, हाताने वारा घालून वास घ्यायचा.)

हा प्रयोग अंध विद्यार्थिनीसाठीही आहे, हे प्रशिक्षणात विज्ञानाच्या तासालाच सांगायला हवे. आणि ते सांगू शकणारी माणसे दूर नाहीत. आळंदीला अंध मुलींची 'जागृती' ही शाळा आहे. चिंचवड-चाकण भागातील विज्ञानशिक्षकांचे एखादे सत्र तेथे का होऊ नये? शिक्षकांनी आपला प्रयोग त्या मुलींपुढे मांडावा, आणि कोठे अडले ते त्यांच्याकडूनच ऐकावे.