सरकते पार्टिशन आणि बीमचा बाक : आयएस ४५६ मधील मर्यादेची समीक्षा

सौंसरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी एकच सभागृह दोन वर्गांसाठीही वापरायचे असेल, तर वरच्या बीमला टांगलेले सरकते पार्टिशन सोयीचे ठरते. अशा बीमचा बाक, म्हणजेच डिफ्लेक्शन, किती चालेल? या प्रश्नाच्या आधारे आयएस ४५६ : २००० मधील कलम २३.२ येथे तपासले आहे.

या कलमात दोन मर्यादा आहेत. सर्व भार, क्रीप, आकुंचन व तापमान धरून अंतिम बाक स्पॅनच्या १/२५० पेक्षा जास्त नसावा. पार्टिशन व फिनिशिंगनंतर होणारा बाक स्पॅनच्या १/३५० किंवा २० मि.मी., यांपैकी कमी असेल त्यापेक्षा जास्त नसावा. ७ मीटर स्पॅनला या मर्यादा २८ व २० मि.मी. येतात.

दुसऱ्या मर्यादेतील 'नंतर' हा शब्द मोलाचा आहे. रूळ बसवताना लेव्हल करता येतो. त्रास होतो तो पुढे वरच्या मजल्यावरील वर्दळीने आणि क्रीपने येणाऱ्या बाकाचा. म्हणजे कलमाचा प्रश्न योग्य आहे, आकडा मात्र चिकटून बांधलेल्या भिंतीचा आहे. तेथे विचार 'भेग पडेल का' हा असतो. आयएस ८०० : २००७ मध्येही स्टील बीमची वर्गवारी भेग जाण्याच्या शक्यतेवरच केली आहे. सरकत्या पार्टिशनचा प्रश्न वेगळा आहे : ते सरकेल का, आणि बंद केल्यावर फट राहील का?

अमेरिकेतील एएसटीएम ई५५७ ही मार्गदर्शिका १२ फुटांना १/८ इंच एवढाच बाक मान्य करते, म्हणजे स्पॅनच्या सुमारे १/११५०. ७ मीटरला तो ६ मि.मी. होतो. २० आणि ६ यांतील अंतर बोलके आहे. मात्र ही मार्गदर्शिका ध्वनिरोधासाठी आहे. तिचा आकडा डोळे मिटून न घेता पार्टिशन बनवणाऱ्याची मर्यादा विचारावी.

आपल्या अध्यापनातही उणीव आहे. साध्या आधाराच्या बीमला स्पॅन व प्रभावी खोलीचे गुणोत्तर २० धरले, स्टीलनुसार गुणक लावला, की तपासणी संपते. पार्टिशन कधी बसणार, हे त्यात येतच नाही. अशा बीमसाठी परिशिष्ट सी नुसार बाक प्रत्यक्ष काढून घ्यावा. भार तोच राहिल्यास खोली दीडपट केली की बाक ढोबळमानाने एक-तृतीयांशाच्या आत येतो, हेही विद्यार्थ्यांना त्यातून उमगेल.

सारांश, कलम चुकीचे नाही, अपुरे आहे. कोड पाळूनही पार्टिशन अडकू शकते, हे विद्यार्थ्याला बांधकामावर जाण्यापूर्वी वर्गातच कळले पाहिजे.