अवरक्त परावर्तनमापनाची सुवाह्य उपकरणे आणि अर्नाळ्याचे पत्र्याचे छप्पर : एक चिकित्सा

वैतरणेच्या मुखाशी वसलेल्या अर्नाळ्यात खारा वारा छपरांवर अखंड काम करीत असतो. जस्तलेपित पत्रा येथे लवकर मळतो, गंजतो. तो उन्हात तापतो हे कळण्यास उपकरण लागत नाही. कोणता लेप दिल्यास कमी तापेल, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. हातात धरून वापरावयाची अवरक्त परावर्तनमापके येथेच उपयोगी पडतात, आणि त्यांच्या आकड्यांविषयीचा गैरसमजही येथेच सुरू होतो.

गियर-डंकल यांच्या 'डीबी-100' या जुन्या उपकरणात फिरत्या पोकळीचे दोन अर्धे भाग भिन्न तापमानांस ठेवलेले असतात. पृष्ठभागावर त्यांचे प्रारण आळीपाळीने पडते व परतणाऱ्या प्रारणातील फरकावरून परावर्तकता ठरते. पृष्ठभाग अपारदर्शक असेल तर किर्खहोफच्या नियमानुसार ती एकातून वजा केली की उत्सर्जकता मिळते. तत्त्व निर्दोष आहे. घोटाळा 'अवरक्त' या शब्दात आहे. सूर्याच्या उष्णतेचा सुमारे अर्धा भाग 0.7 ते 2.5 मायक्रोमीटरच्या निकट-अवरक्तात येतो, तर तापलेले छप्पर आपली उष्णता 10 मायक्रोमीटरच्या आसपास बाहेर टाकते. पहिल्या पट्ट्यात अधिक परावर्तन हा गुण, दुसऱ्यात तोच दोष. नवा चकचकीत पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण त्याची उत्सर्जकता 0.3 च्या आतच राहते. म्हणून तो हाताला चटका देतो. पांढऱ्या रंगाची उत्सर्जकता 0.9 च्या जवळ असते. लेपाच्या डब्यावर नुसते 'अवरक्त-परावर्तक' छापलेले असेल, तर ग्राहकाला यातले काहीच कळत नाही.

अर्नाळ्यात आणखी एक अडचण संभवते. ही उपकरणे सपाट पृष्ठभागाला चिकटवून धरावयाची असतात. नालीदार पत्र्यावर फट राहते. पहाटेच्या दवाची गोष्ट तर अधिकच फसवी. पाण्याची उत्सर्जकता 0.96 च्या आसपास असल्याने ओल्या पत्र्यावरील वाचन पत्र्याचे नसून पाण्याचे ठरते.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या 2007 च्या इमारत संहितेने छपरासाठी किमान 0.70 सौर परावर्तकता व 0.75 उत्सर्जकता मागितली आणि उत्सर्जकतेसाठी सुवाह्य मापकांची एएसटीएम ई-408 ही पद्धत नेमली. मात्र दोन्ही आकडे 'प्रारंभिक', म्हणजे कोऱ्या लेपाचे. तेही 20 अंशांहून कमी उताराच्या छपरांसाठी. संहिता मूळची 500 किलोवॉट व त्याहून अधिक जोडभाराच्या व्यावसायिक इमारतींपुरती होती. कोळीवाड्यातील उतरते छप्पर तिच्या कक्षेत कोठेच बसत नव्हते. तेथे मापन करावयाचे झाल्यास एकाच पन्हाळीवर दोन वाचने घेणे इष्ट : एक क्षार व धूळ पुसण्यापूर्वी, दुसरे पुसल्यावर, आणि दोन्ही पत्रा कोरडा झाल्यानंतर.