शरीर बदलतं, भीती कुणाची?

भयकथेत समलिंगी प्रेम पहिल्यापासून आहे, पण भय घालणाऱ्याच्या जागी. ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षं आधी, १८७१-७२ मध्ये, शेरिडन ले फॅन्यू यांची ‘कार्मिला’ क्रमशः छापून आली. एकाकी गढीत वाढलेल्या लॉराकडे एक देखणी मुलगी पाहुणी म्हणून येते, तिच्यावर जीव टाकते आणि रात्री तिचंच रक्त पिते. अखेर वडीलधारे पुरुष कार्मिलाची कबर उघडून छातीत खुंटी ठोकतात. हकिकत लॉरा सांगते, निकाल मात्र ते पुरुष देतात. पुढे शंभर वर्षांनीही हिशोब फारसा बदलला नव्हता. जॉन डोनोव्हन यांची १९६९ची कादंबरी समलिंगी आकर्षणाला जागा देणारी पहिली अमेरिकन किशोर कादंबरी मानली जाते. ती भयकथा नाही. पण तिच्यात दोन मुलांची जवळीक होते, नायकाचा कुत्रा गाडीखाली मरतो आणि मुलाची खात्री पटते की ही आपल्या त्या कृत्याचीच शिक्षा.

अलीकडच्या यंग अ‍ॅडल्ट भयकथांनी हा हिशोब मोडला आहे. राक्षस आता चांगला झाला, असं काही जण म्हणतात. ते वरवरचं आहे. या कथांमध्ये भीतीनं जागा बदलली आहे. बदलत्या शरीराची भीती वाटतेच, पण खरा थरकाप त्या शरीराला ‘सुधारायला’ निघालेली माणसं उडवतात. रोरी पॉवर यांच्या ‘वाइल्डर गर्ल्स’मध्ये (२०१९) बेटावरची एक मुलींची शाळा साथीमुळे दीड वर्ष जगापासून तोडलेली आहे. हेटीचा एक डोळा कायमचा मिटला आहे आणि त्या पापणीआड काहीतरी वाढतंय. रीसचा हात चंदेरी खवल्यांचा झाला आहे. बायटच्या पाठीत दुसरा कणा उगवला आहे. या शरीरांना मुली सरावतात. हेटीला रीस आवडते, आणि या गोष्टीचा कुणी गवगवा करत नाही. मुलींचा घात करतात ते बाहेरून औषध आणि अन्न पाठवणारे, त्यांना प्रयोगाचं सामान समजणारे लोक. अँड्र्यू जोसेफ व्हाइट याच्याही पुढे जातात. ‘हेल फॉलोड विथ अस’चा (२०२२) नायक बेंजी हा ट्रान्स मुलगा. एका कट्टर धर्मपंथानं त्याच्या अंगात विषाणू सोडला आहे. पंथाला त्याच्यापासून आपलं शस्त्र बनवायचंय. ‘द स्पिरिट बेअर्स इट्स टीथ’मध्ये (२०२३) १८८३चं लंडन आहे. मुलगी म्हणून वाढवलेल्या सायलसला शल्यविशारद व्हायचंय, आणि त्याला आज्ञाधारक बायको बनवण्यासाठी एका शाळेत डांबलं जातं. तिथली भुतं त्या शाळेच्या मानानं दयाळू आहेत.

आक्षेप असा घेतला जातो, की ‘विकृत’ ही शिवी ज्यांनी आयुष्यभर ऐकली त्यांनाच पुन्हा खवले आणि सुळे चिकटवायचे, यात मुक्ती कसली? आक्षेप गंभीर आहे. पण फरक नजरेचा आहे. कार्मिलाला आपण बाहेरून बघतो. बेंजीच्या सडत्या शरीरात आपण आतून राहतो, आणि त्या शरीराचं काय करायचं हे तोच ठरवतो. वयात येताना आवाज फुटतो, अंग अनोळखी होतं, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. ट्रान्स मुलासाठी तो रोजचा भयपट असतो. आधीच घाबरलेल्या मुलांना आणखी का घाबरवायचं, असंही विचारलं जातं. त्यांची भीती घरातून, शाळेतून, प्रार्थनामंदिरातून आलेलीच असते. पुस्तक फक्त तिला तोंड-नाक देतं. ट्रँग थान ट्रान यांच्या ‘शी इज अ हॉन्टिंग’मध्ये (२०२३) कॉलेजच्या फीसाठी जेड दा लातमधल्या वडिलांच्या फ्रेंच वसाहतकालीन घरात पाच आठवडे राहते. भूत तिला बजावतं, खाऊ नकोस. ज्या घराकडून पैसे हवेत, त्याच घरापासून स्वतःची ओळख लपवायची आहे, आणि ताटात वाढलेलं अन्नही विश्वासाचं नाही: ही कोंडी साध्या वास्तववादी कथेत इतकी अंगावर आली नसती.

तरी सगळंच कौतुकाचं नाही. या लाटेतल्या पुष्कळ पुस्तकांत पात्रं आपली ओळख ओळखपत्र दाखवल्यासारखी सांगतात आणि राक्षसाचा अर्थही स्वतःच समजावून देतात. अर्थ कळला की भीती मरते. व्हाइट यांचे खलनायकही कधीकधी इतके काळेकुट्ट होतात, की प्रेमापोटी मुलाला मोडणारे आईबाप त्यांत दिसत नाहीत. आणि खरं तर तेच जास्त भेटतात. म्हणून मला ‘वाइल्डर गर्ल्स’ सर्वांत सरस वाटते. तिच्या अर्धवट शेवटावर अनेक वाचक नाराज आहेत, पण मुली बरं होऊन परतल्या असत्या तर सगळी कादंबरी खोटी पडली असती.

आपल्याकडेही असं एक भूत आहे: मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधीच मेलेला, मधेच अडकलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, हे मराठी मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. आपल्या कुमारांसाठी लिहिणाऱ्यांनी त्याला एकदा तरी स्वतःच्या तोंडानं बोलू द्यावं.