‘नवरा माझा नवसाचा’ : एस.टी.तील हास्य आणि प्रेक्षकप्रतिसाद

सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) हा चित्रपट कथानकाच्या निकषावर तपासल्यास सैल ठरतो. मुंबईहून गणपतीपुळ्यास निघालेली एस.टी., तीतील नाना तऱ्हेची माणसे व त्यांचे सुटे विनोद, एवढाच त्याचा डोलारा. ‘बॉम्बे टू गोवा’ (१९७२) या हिंदी चित्रपटाशी असलेले नातेही लपत नाही. तरीही प्रेक्षकांनी तो आपला मानला. याचे कारण विनोदापेक्षा एस.टी.च्या ओळखीत शोधावे लागते. पनवेलहून गोवा महामार्ग सुरू होतो. गणपतीत कोकणच्या गाड्यांची तेथे रीघ लागते. अशा गावी अशोक सराफ यांचा कंडक्टर परका राहत नाही. प्रवाशांवर खेकसणारा आणि त्यांची काळजीही वाहणारा असा इसम प्रत्येकाने पाहिलेला असतो.

मात्र या हशाच्या तळाशी एक अवघड प्रश्न आहे. मुलाला नग्नावस्थेत देवदर्शनास नेण्याचा जुना नवस प्रौढ नवऱ्याने फेडावा, असा पत्नीचा आग्रह. प्रेक्षक हसतो तो नवऱ्याच्या फजितीला, नवसाला नव्हे. श्रद्धेची चिकित्सा चित्रपट टाळतो, ही त्याची मर्यादाच होय. पण सासरच्या नवसाचे ओझे अखेर सुनेच्या शिरी येते, हे स्त्रीप्रेक्षकांस वेगळे सांगावे लागत नाही. सुप्रिया यांची भक्ती हेकट न वाटता ओळखीची वाटते ती यामुळे. २०२४ मधील दुसऱ्या भागात प्रवास कोकण रेल्वेने होतो; एस.टी.तील लगट तेथे साधत नाही.